छायाचित्रात न मावणारे चित्र: आधुनिक कलेचे संग्रहालय पाहायला जाताना

कोथरूडहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या वर्षी त्या, त्यांचे पती, अकरा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे असे चौघे मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजेच एनजीएमए, पाहायला गेले होते. चाळीस मिनिटांत सगळे मजले पाहून झाले, हाती फारसे काही लागले नाही आणि बाहेर पडताना सासरे म्हणाले, "हे तर आपली नातही काढेल." आता त्यांना पुन्हा जायचे आहे. आधी काय वाचावे, काय पाहावे, चित्र कळले नाही तर काय करावे, मुलीला कंटाळा येऊ नये म्हणून काही करता येईल का आणि सासऱ्यांना सोबत न्यावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली सत्तावीस वर्षे पुण्यात चित्रसंवर्धनाचे काम करते. कॅनव्हासवरून सुटू लागलेला रंग पुन्हा बसवणे, कागदावरची बुरशी काढणे, पावसाळ्यात सैल पडलेला कॅनव्हास ताणून घेणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचे किंवा कलेच्या इतिहासकाराचे नाही. चित्र टेबलावर आडवे ठेवून महिनोन्‌महिने भिंगाखाली पाहणाऱ्या व्यक्तीचे आहे. त्या सवयीतून माझा सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती फिरतो. संग्रहालयात गेल्यावर तेच पाहावे, जे पुण्यात घरी बसून पाहता येत नाही. चित्राचा विषय, त्यातली माणसे, रंगांची ढोबळ रचना, चित्रकाराचे चरित्र हे सगळे फोनच्या पडद्यावर किंवा पुस्तकात मिळते. चित्र प्रत्यक्षात केवढे आहे, त्याचा पृष्ठभाग कसा आहे, जवळ गेल्यावर आणि मागे सरकल्यावर ते कसे पालटते, हे मात्र मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावाचून समजत नाही. पुण्यात आधुनिक कलेचे मोठे, कायमस्वरूपी सार्वजनिक संग्रहालय नसल्यामुळे आपल्याला त्यासाठी एक अख्खा दिवस आणि प्रवासाचा शीण खर्चावा लागतो. तो खर्च याच गोष्टींवर व्हावा.

चित्र "कळले नाही" ही तुमची तक्रार मी फार गांभीर्याने घेते, कारण तीच तक्रार घेऊन बहुतेक माणसे पुन्हा संग्रहालयाची पायरी चढत नाहीत. तुम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालय नक्कीच पाहिले असेल. तिथले अडकित्ते, वज्र्या, दिवे, कोरीव दारे पाहताना आपण "याचा अर्थ काय" असे कधी विचारत नाही. अडकित्त्याच्या दोन पात्यांचा पोपट कसा केला आहे, बिजागरी कुठे लपवली आहे, पितळेवर हत्यार कसे चालले असेल, याकडे आपली नजर आपोआप जाते आणि त्यातून करणाऱ्याची बुद्धी आपल्याला जाणवते. घडलेल्या वस्तूकडे पाहण्याची ही सवय पुणेकरांना लहानपणापासून आहे. आधुनिक चित्रासमोर मात्र आपण ती सवय दाराबाहेर ठेवून आत जातो आणि परीक्षेला बसल्यासारखे अर्थ शोधू लागतो. माझे म्हणणे इतकेच आहे की अडकित्त्याकडे ज्या नजरेने पाहता, त्याच नजरेने पहिली पाच मिनिटे चित्राकडे पाहा: हे कशाने केले, आधी काय आले, नंतर काय आले, कुठे हात थांबला, कुठे मत बदलले. अर्थाचा विचार त्यानंतरही करता येतो, आणि तेव्हा तो पुष्कळ सोपा होतो.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घेते, कारण फोनवर सर्वाधिक नुकसान त्यांच्या चित्रांचे होते. गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले, १९४८ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडले आणि १९७२ पासून २००१ मध्ये निधन होईपर्यंत दिल्लीत राहिले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले होते. त्यांचे एखादे चित्र पडद्यावर पाहिले, तर एक पिवळा किंवा करडा उभा आयत आणि त्यावर विखुरलेल्या काही खुणा एवढेच दिसते, आणि सासरे म्हणाले तसे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात त्यांची कित्येक चित्रे माणसाच्या उंचीच्या आसपासची आहेत. त्यामुळे त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर आपले शरीर आणि चित्र यांची बरोबरी होते, जी चार इंची पडद्यावर होणे शक्यच नाही. गायतोंडे रंग मुख्यतः ब्रशने लावत नसत. रोलरने आणि रंग पसरवायच्या बोथट सुरीने, म्हणजे पॅलेट नाईफने, पातळ थर देत, त्यातला काही रंग पुन्हा खरवडून किंवा उचलून घेत, फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनी आकार उमटवत आणि मग त्यावर पुढचा थर देत. थर पातळ आणि अर्धपारदर्शक असल्यामुळे दालनातला प्रकाश त्यांतून आत जातो, खालच्या फिकट थरावर आपटतो आणि रंग घेऊन परत आपल्या डोळ्यांकडे येतो. चित्र आतून उजळल्यासारखे वाटते ते यामुळे. कॅमेरा हा सगळा खेळ एका सपाट पिवळ्यात गोठवून टाकतो.

यात एक साधी रासायनिक गोष्टही आहे, जी माहीत असली तर पाहण्यात फरक पडतो. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही; त्यातले तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. वरची साय काही दिवसांत धरते, पण जाड थर आतून वाळायला महिने, कधी वर्षे लागतात. ओल्या थरावर घाईने दुसरा थर दिला की पुढे भेगा पडतात, आणि अशा भेगा भरण्यात माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला आहे. म्हणून ज्या चित्रात पाच-सात थर एकमेकांना न बिघडवता बसलेले दिसतात, तिथे चित्रकाराने दोन थरांमध्ये वाट पाहिलेली असते. गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करत असत. त्यांच्या चित्रासमोर तुम्ही दहा मिनिटे उभे राहिलात, तर त्यात साठलेल्या काळाच्या मानाने ते काहीच नाही.

पृष्ठभाग पाहण्याची आमच्या धंद्यातली एक पद्धत तुम्हांला सहज वापरता येईल. समोरून पाहून झाल्यावर चित्राच्या एका बाजूला, भिंतीच्या जवळ जा, दोन-तीन फुटांचे अंतर राखा आणि चित्राच्या पृष्ठभागावरून तिरकी नजर टाका. शेतावर संध्याकाळचे ऊन तिरपे पडले की प्रत्येक ढेकूळ आणि सरी उठून दिसते, तसे इथे होते. रंगाचा जाड लगदा, खरवडलेल्या जागा, पुसून टाकलेल्या आकृतीची कड, कॅनव्हासची वीण हे सगळे त्या कोनातून दिसते. कॅनव्हासला फ्रेम नसेल, तर त्याची बाजूची कड आवर्जून पाहा. तिथे खालच्या थरांचे रंग ओघळून राहिलेले असतात आणि समोरून निळ्या दिसणाऱ्या चित्राच्या पोटात लाल होता, असा शोध पुष्कळदा तिथेच लागतो. अकरा वर्षांच्या मुलीला हे काम द्या. "या चित्रात सर्वांत आधी कोणता रंग लागला असेल?" या एका प्रश्नावर मुले जितका वेळ एका चित्रासमोर थांबतात, तितका वेळ मोठी माणसे क्वचितच थांबतात, हे मी पुण्याहून नेलेल्या गटांमध्ये वारंवार पाहिले आहे.

सगळीच चित्रे अशी खडबडीत नसतात आणि गुळगुळीतपणालाही कारण असते. प्रभाकर बरवे (१९३६ ते १९९५) यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. त्यांनी बरीच वर्षे वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये हातमागाच्या नक्षीकामाची नोकरी केली आणि आपल्या कॅनव्हासवर तैलरंगांऐवजी मोठ्या प्रमाणावर एनॅमल वापरला. एनॅमल म्हणजे आपण दारांना आणि खिडक्यांच्या गजांना लावतो, त्या जातीचा रंग. तो लावल्यावर स्वतः पसरून सपाट होतो आणि ब्रशचा माग पुसून टाकतो. बरव्यांच्या चित्रातले पान, घड्याळ किंवा एखादी रोजची वस्तू मोकळ्या अवकाशात कोणाचाही हात न लागता तरंगत असल्यासारखी का वाटते, याचे अर्धे उत्तर त्या डब्यातल्या रंगात आहे. हे कळायला चित्रासमोर एक पाऊल डावीकडे आणि एक उजवीकडे सरकून छतावरचा दिवा पृष्ठभागावर कसा चमकतो ते पाहावे लागते. आधी काय वाचावे असे तुम्ही विचारले आहे. एकच मराठी पुस्तक सुचवायचे तर बरव्यांचेच "कोरा कॅनव्हास" सुचवीन. ते एका चित्रकाराने आपल्या भाषेत, आपल्या कामाविषयी केलेले चिंतन आहे. जाण्यापूर्वी पूर्ण वाचून होण्याची गरज नाही.

आता सासऱ्यांच्या वाक्याकडे येते. ते वाक्य हसून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्यात कौशल्याची रास्त अपेक्षा आहे. नसरीन मोहमदी (१९३७ ते १९९०) या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत असत आणि शाई व पेन्सिलीने, नकाशे काढण्याच्या हत्यारांनी, कागदावर केवळ रेषांची रेखाटने करत असत. पडद्यावर ती वहीच्या आखणीसारखी दिसतात. जाण्याच्या आधीच्या रविवारी घरी एक प्रयोग करा. कोऱ्या कागदावर पट्टी आणि पेन घेऊन पन्नास समांतर रेषा आखा, दोन रेषांतले अंतर क्रमाक्रमाने कमी करत न्या आणि एकाही रेषेचा दाब बदलू देऊ नका. आजोबांनी आणि नातीने दोघांनीही करून पाहावे. विसाव्या रेषेपर्यंत हात कुठे कापतो, शाई कुठे जास्त उतरते आणि अंतराचा हिशेब कुठे चुकतो, हे दोघांच्या लक्षात येईल. त्यानंतर मूळ रेखाटनाच्या काचेजवळ उभे राहिल्यावर "नातही काढेल" या वाक्याचे काय होते ते तुम्हीच पाहा. त्याचबरोबर हेही सांगायला हवे की संग्रहालयाच्या भिंतीवर लागले म्हणून प्रत्येक चित्र चांगले असते, असे मी मानत नाही. कमकुवत चित्रेही खरेदी होतात आणि लागतात. नीट पाहून, त्यातले काम तपासून, मग एखादे चित्र आवडले नाही असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाला आहे आणि तो सासऱ्यांनी अवश्य वापरावा.

ज्येष्ठांना आधुनिक चित्र दूरचे वाटते, हा समजही मला पूर्ण पटत नाही. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. त्यांनी वैद्यकीय शिक्षण इथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात घेतले आणि पुढे ठाण्याला रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत चित्रे काढली. लोकलमधली माणसे, इराणी हॉटेलात बसलेला गिऱ्हाईक, कारखाने, पूल आणि वाढत्या उपनगरांची दाटी हे त्यांचे विषय. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या एनजीएमएमध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन लागले होते, तेव्हा मी माझ्या मामांना घेऊन गेले. मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. चित्रांशी त्यांचा संबंध दिनदर्शिकेपुरता. शहराच्या एका रुंद दृश्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "अगं, हा पूल आणि हा रस्ता एका जागी उभं राहून दिसणारच नाही. ह्यानं दोन-तीन ठिकाणी उभं राहून पाहिलंय आणि मग जोडलंय." मामांनी आयुष्यभर रूळ आणि सिग्नल कुठून दिसतात याचाच विचार केला होता, म्हणून चित्रातली ती जोडणी त्यांना दिसली. अनेक दृष्टिबिंदू एका चित्रात आणणे ही आधुनिक चित्रकलेतली केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि सांगण्याची गरजही पडली नाही. तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर जे काम केले असेल, त्या कामाची नजर त्यांच्याजवळ आहे. "तुम्हांला काय वाटतं" असे विचारण्यापेक्षा "हे कसं केलं असेल" असे त्यांना विचारा.

समकालीन कलेच्या दालनात मांडणशिल्पे (वस्तू, प्रकाश वगैरे जागेत मांडून केलेल्या कलाकृती), व्हिडिओ, ध्वनी असे काही असले की माणसे बिचकतात. तिथेही नियम तोच आहे, फक्त पृष्ठभागाच्या जागी अवकाश आणि वेळ येतात. नलिनी मलानी पारदर्शक नळकांड्यांवर आतल्या बाजूने चित्रे रंगवून ती फिरवतात आणि त्यांच्या सावल्या भिंतीवर पाडतात. काचेवर उलट बाजूने रंगवण्याची जी जुनी पद्धत आपण केळकर संग्रहालयातल्या काचचित्रांत पाहतो, तिच्याशी त्यांनी मुद्दाम नाते जोडले आहे. अशा ठिकाणी फक्त भिंतीवरच्या सावल्या पाहून निघू नका. दिवा कुठे आहे, नळकांडे कुठे आहे आणि आपलीच सावली मध्ये कुठे पडते, हे फिरून पाहा. जितीश कल्लाट यांच्या २००७ च्या एका कामात, दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी गांधीजींनी केलेले भाषण सुमारे साडेचार हजार अक्षरांत मांडले आहे आणि प्रत्येक अक्षर हाडांच्या आकाराचे केलेले आहे. ते वाचायचे तर भिंतीच्या कडेने चालावे लागते, आणि ते चालणे हा त्या कामाचाच भाग आहे. व्हिडिओच्या बाबतीत दाराशेजारच्या पाटीवर लांबी मिनिटांत दिलेली असते. सात-आठ मिनिटांचा असेल, तर सुरुवातीची वाट पाहून पूर्ण बसून पाहा. चाळीस मिनिटांचा असेल आणि वेळ नसेल, तर सरळ सोडून द्या. मधूनच दोन मिनिटे पाहून मत बनवणे त्या कामावर अन्याय करणारे आहे.

चित्राशेजारची पाटी कशी वाचावी, याबद्दल थोडे. बहुतेक जण नाव आणि शीर्षक वाचून पुढे जातात. माझ्या दृष्टीने माध्यमाची ओळ सर्वांत महत्त्वाची: कॅनव्हासवर तैलरंग, कॅनव्हासवर एनॅमल, कागदावर शाई. त्या एका ओळीत काय शोधायचे ते सांगितलेले असते. मापांमध्ये आधी उंची आणि नंतर रुंदी देण्याची प्रथा आहे. "शीर्षकविरहित" असे लिहिले असेल, तर चित्रकाराने शब्दांची मदत मुद्दाम काढून घेतलेली असते. त्यात आपल्यापासून काही लपवल्याची भावना बाळगू नये. आणि पाटी शेवटी वाचा. पाटी आधी वाचली की डोळे चित्रात फक्त पाटीवरच्या गोष्टीची खातरजमा करत बसतात.

चाळीस मिनिटांत सगळे पाहून झाले, याचा अपराधभाव नको. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेली एक पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी सुमारे २७ सेकंद थांबतात असे आढळले, आणि निम्म्या वेळा तर तो काळ १७ सेकंदांहून अधिक नव्हता. संग्रहालयात येणारा थकवा हादेखील जुना, अभ्यासलेला विषय आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच त्यावर लिहिले होते. वारंवार वाकणे, पाटी वाचणे, थांबणे, पुन्हा चालणे यांनी पाय आणि डोळे दोन्ही दमतात आणि तासाभरानंतर चांगले चित्रही दिसेनासे होते. म्हणून आधी सगळ्या दालनांतून एक साधी, न थांबता फेरी मारा. त्या फेरीत प्रत्येकाने आपापली दोन चित्रे मनाशी ठरवावीत, आवडलेली किंवा खटकलेली. मग चौघांनी मिळून त्या आठ चित्रांकडेच परत जावे आणि प्रत्येकाला किमान दहा मिनिटे द्यावीत. राहिलेली चित्रे राहू द्यावीत. ज्याने ते चित्र निवडले, त्याने पहिल्यांदा बोलावे. मुलीने निवडलेल्या चित्रासमोर मोठ्यांनी तिचे ऐकावे.

दालनातला मंद उजेड हा प्रेक्षकांना होणारा नेहमीचा त्रास आहे आणि त्याला मी आणि माझ्यासारखे लोक जबाबदार आहोत. प्रकाश लक्स या एककात मोजतात; दुपारच्या थेट उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत असू शकतो. तैलचित्रांवर तो साधारण २०० लक्सच्या आत आणि कागदावरच्या चित्रांवर, जलरंगांवर, छायाचित्रांवर ५० लक्सच्या आसपास ठेवण्याचा आमचा आग्रह असतो. प्रकाशाने उडालेला रंग परत आणता येत नाही आणि होणारे नुकसान दर दिवसागणिक साठत जाते. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पाच मिनिटे पहिल्या दालनात नुसते उभे राहा, डोळे जुळवून घेतात. काचेमागे लावलेली कागदावरची चित्रे पाहायची असतील, तर त्या दिवशी गडद रंगाचे कपडे घाला. पांढरा झब्बा घातलेल्या माणसाला काचेत चित्राआधी स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. फ्लॅश वापरू नये हे तुम्हांला माहीत असेलच.

हात लावू नये, हेही माहीत असते, पण का ते क्वचितच सांगितले जाते. पुष्कळ आधुनिक चित्रकारांनी चित्रावर व्हार्निशचा संरक्षक थर दिलेला नसतो, कारण त्यांना ती चमक नको असते. मग बोटांवरचे तेल आणि घामातले क्षार थेट रंगात मुरतात. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका घरातून माझ्याकडे एक मोठा, सपाट करड्या रंगाचा कॅनव्हास आला होता. घरातल्या लग्नसमारंभात ज्या भिंतीवर तो होता, तिथे पाहुण्यांची ये-जा झाली होती, आणि कमरेच्या उंचीवर चार बोटांचे पुसट, चकचकीत ठसे उमटले होते. मी तीन महिने प्रयत्न केले. ठसे फिके झाले, गेले नाहीत, आणि ते चित्र मी जेव्हा आठवते तेव्हा मला आधी ते ठसे आठवतात. मुलीला हा प्रसंग सांगितलात तर चालेल. नुसत्या "हात लावू नकोस" पेक्षा तो तिच्या लक्षात राहील. तिला रेखाटनासाठी वही द्यायची असेल, तर पेन्सिल द्या, पेन देऊ नका. पेन्सिलीचा चुकून लागलेला ओरखडा बहुधा काढता येतो, शाईचा काढता येत नाही, म्हणून संग्रहालयातले कर्मचारी पेनाला हरकत घेतात.

जाण्याच्या व्यवस्थेबद्दल. मुंबईच्या एनजीएमएची दालने मुख्यतः बदलत्या प्रदर्शनांसाठी वापरली जातात आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात मांडामांडीसाठी ती बंदही असतात. म्हणून मी वर जी नावे घेतली, ती तुम्ही जाल त्या दिवशी भिंतीवर असतीलच असे नाही. निघण्यापूर्वी काय लागले आहे याची चौकशी फोनवर किंवा संकेतस्थळावर जरूर करा. सोमवारी सुटी असते. शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस निवडता आला, तर एका चित्रासमोर दहा मिनिटे कोणाच्याही धक्क्याशिवाय उभे राहता येते. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचते. तिथून हुतात्मा चौकावरून काळा घोड्यापर्यंत वीसेक मिनिटे चालणे आहे, सासऱ्यांसाठी टॅक्सी करावी. संग्रहालयाची वास्तू मुळात १९११ चे सर कावसजी जहांगीर सभागृह आहे. तिथे पूर्वी सभा आणि मैफली होत आणि १९९६ पासून ते आधुनिक कलेचे संग्रहालय झाले. आत जिन्यांनी जोडलेली अर्धवर्तुळाकार दालने आणि सर्वांत वर घुमटाखालचे दालन अशी रचना आहे. प्रदर्शनाचा क्रम खालून सुरू होत असला, तरी पाय ताजे असताना सावकाश वर जाऊन मग पाहत पाहत खाली उतरणे ज्येष्ठांना सोयीचे पडते.

जेवणानंतर शक्ती उरली असेल, तर रस्ता ओलांडून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा आणि तिथल्या हजारो वस्तूंचा मोह आवरून थेट जहांगीर निकल्सन कलादालन गाठा. कापसाचे व्यापारी असलेल्या निकल्सन यांनी १९६८ पासून हौसेने जमवलेल्या चित्रांचा हा संग्रह आहे आणि १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटातील सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्या पिढीपासून पुढच्या चित्रकारांपर्यंतची निवड तिथे आलटूनपालटून पाहायला मिळते. एका माणसाच्या आवडीने जमलेला संग्रह आणि सरकारी संग्रह यांतला फरक एकाच दिवशी अनुभवता येतो, हे मला फार मोलाचे वाटते. शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत १९५२ पासून चालत आलेली बदलती प्रदर्शने असतात आणि पुष्कळदा चित्रकार स्वतः तिथे खुर्चीवर बसलेला असतो. रंग कशाने लावला, हे मुलीने थेट त्यांनाच विचारावे, चित्रकारांना हा प्रश्न आवडतो. मात्र एका दिवसात दोन ठिकाणे पुरे, तिसरे करायला जाऊ नका. परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी निघते.

तयारी म्हणून जाण्याआधी पुण्यातच एखादी संध्याकाळ काढता आली, तर बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात किंवा शनिवार पेठेतल्या सुदर्शन कलादालनात जे प्रदर्शन लागले असेल ते पाहून या आणि तिरक्या नजरेने पृष्ठभाग पाहण्याचा सराव तिथे करा. आणि मुंबईची गर्दी नको वाटली, तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक हे दगडी शिल्प आहे. आधुनिक शिल्पकलेतले एवढे मोठे नाव आपल्या इतक्या जवळ, टेकडीवर, बहुतेक वेळा शांत असलेल्या दालनात आहे आणि पुण्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे, याचे मला नेहमी वाईट वाटते. त्या शिल्पाभोवती पूर्ण फिरून पाहा. समोरून काढलेल्या छायाचित्रात त्याची पाठ नसते.

सासऱ्यांना अवश्य न्या. दारावरच खुर्चीची किंवा स्टूलची विचारणा करा, बहुतेक ठिकाणी रक्षक आपणहून मदत करतात, आणि त्यांनी निवडलेल्या चित्रासमोर त्यांना बसवा. बाकीच्यांनी फिरून यावे. बसल्यावर चित्राचा मध्य डोळ्यांच्या वर जातो आणि दिव्याची चमक पृष्ठभागावर वेगळ्या जागी पडते. उभ्याने न दिसलेल्या काही गोष्टी बसलेल्या माणसाला दिसतात. तुम्ही परत आल्यावर त्यांना काय दिसले ते विचारा, आणि मग तुम्हीही पाच मिनिटे त्या खुर्चीवर बसून पाहा.